रोग रेड्याला, औषध पखालीला

जालन्यात मे महिन्यात बर्फ पाहायचा असेल तर रसवंतीवर जावं लागतं, असं आपण आजवर समजत होतो. आता तो घराघरात भिंतीवरच तयार व्हायला लागलाय. एसी लावून दोन तास झाले की वारा येईनासा होतो, खालून पाणी टपकायला लागतं, आणि झाकण उघडून पाहावं तर आतल्या जाळीवर पांढराशुभ्र थर! मशीनच्या पोटात काश्मीर आणि खोलीत भट्टी. मग मेकॅनिकला फोन जातो. तो यायच्या आधी, फोनवरच निदान सांगून मोकळा होतो, "गॅस संपलाय, भरावा लागंल."

माझा हा लेख या एका वाक्याच्या विरोधात आहे. माझं म्हणणं साधं आहे. एसीत बर्फ होणं हा ताप आहे. रोग दुसरीकडे असतो. तो न शोधता गॅस भरत राहणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. (पखाल म्हणजे रेड्याच्या पाठीवर लादायची, पाणी वाहायची कातडी पिशवी, हे मला आजीने सांगितलं. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे माझं मराठी हे घरातलं आणि बसस्टँडवरचं आहे. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडे काणाडोळा करावा, मुद्द्याकडे मात्र करू नये, ही विनंती.)

हॉस्टेलमधली मंडळी लगेच म्हणतील, "आमच्या खोलीतला पंखा फिरला तरी आम्ही त्याची आरती करतो, आम्हाला एसीचं काय सांगतेस?" बरोबर आहे. पण जालना जिल्ह्यात एसी हा आता नुसता श्रीमंतांचा चोचला राहिलेला नाही. आपल्याकडचा कोरडा उन्हाळा हा खरं तर कूलरचा उन्हाळा. कूलर वीज कमी खातो, पण पाणी बादल्याच्या बादल्या पितो. २०१२-१३ च्या दुष्काळात ज्या जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि लोकांनी टँकरपुढे घागरी लावल्या, तिथे कूलरमध्ये पाणी ओतताना माणसाचा हात आखडतोच. 'जालना, सोने का पालना' असं आपण अभिमानाने म्हणतो, पण त्या पाळण्यातलं बाळ दर उन्हाळ्यात तहानलेलं असतं! त्यामुळे ज्याला जमलं त्याने हप्त्यावर एसी घेतला. शिवाय आपलं गाव बियाण्यांचं. बियाण्यांची गोदामं गार आणि कोरडी ठेवावी लागतात. दवाखान्यात लशी २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. या सगळ्या यंत्रांच्या पोटात तीच तांब्याची नळी आणि तोच कॉम्प्रेसर असतो. म्हणजे आज खोलीत एसी नसला तरी उद्या नोकरीत हा विषय तुमच्या टेबलावर येणारच.

आता आमच्याच घरचं उदाहरण घेऊ. आमच्याकडे दीड टनाचा साधा स्प्लिट एसी आहे, इन्व्हर्टर नसलेला. गेल्या दोन उन्हाळ्यांत त्यात तीनदा गॅस भरला गेला. दर वेळी अडीच-तीन हजार रुपये. बाबा म्हणायचे, पांढरा हत्ती ऐकला होता, आपला तर बर्फाने पांढरा झालाय. तिसऱ्या वेळी मी सुट्टीला घरी होते. मुलगी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हे बाबांनी कौतुकाने सांगितल्यावर मेकॅनिकदादा हसून म्हणाले, "ताई, पुस्तकातलं वेगळं अन् हातातलं वेगळं." मला ते पटलं. म्हणून मी पुस्तकातलं काही विचारलंच नाही, हातातलं विचारलं. "दादा, भरायच्या आधी गेज लावून किती दाब आहे ते दाखवता का?" गेज गाडीत होतं, गाडी खाली होती, आणि जिना तीन मजल्यांचा होता. मग गच्चीवर जाऊन त्यांनी आधी आतला उरलेला गॅस सोडून दिला. फुस्स... असा लांबलचक आवाज झाला. नंतर नवा गॅस भरला. किती? तर जाड पाइप हाताला चांगला गार लागेपर्यंत! वजनकाटा नाही, गेज नाही. एसी चालू झाला, बर्फ गेला, पैसे गेले. तीन आठवड्यांनी बर्फ परत आला. पैसे काही परत आले नाहीत.

इथे थोडं विज्ञान. मी ते घरी आईला समजावून सांगत होते. माझ्या तोंडात सारखं 'लेटंट हीट' येत होतं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. ती म्हणाली, "म्हणजे सुप्त उष्णता ना? माठासारखं?" मी थक्कच झाले. अगदी माठासारखं! माठातून पाणी पाझरतं, त्याची वाफ होते, वाफ होताना ते माठातली उष्णता घेऊन जातं, म्हणून पाणी गार. एसीच्या आतल्या जाळीत, म्हणजे कूलिंग कॉइलमध्ये, हेच काम रेफ्रिजरंट करतं. आपण ज्याला नुसतं 'गॅस' म्हणतो तोच हा. खोलीतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते. फरक इतकाच, की माठातली वाफ हवेत निघून जाते म्हणून माठ रोज भरावा लागतो. एसीतली वाफ कुठेही जात नाही. कॉम्प्रेसर तिला दाबून बाहेरच्या युनिटमध्ये ढकलतो, तिथे ती उष्णता टाकून पुन्हा द्रव होते आणि त्याच बंद नळीतून परत आत येते. तोच गॅस वर्षानुवर्षं गोल गोल फिरत राहतो. तो पेट्रोलसारखा जळत नाही आणि माठातल्या पाण्यासारखा उडत नाही. म्हणूनच 'गॅस संपला' हे वाक्य मुळात चुकीचं आहे. गॅस संपत नाही. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय. आणि गळत नसेल तर तो कमीही झालेला नाही, मग भरायचा कशाला?

रक्त कमी झालं म्हणून दर वर्षी बाटली चढवणारा, पण जखम कुठे आहे हे एकदाही न पाहणारा डॉक्टर आपण चालवून घेऊ का? एसीच्या बाबतीत मात्र आपण बिनबोभाट पैसे देतो.

मग बर्फ होतो कशामुळे? जाळीचं तापमान शून्याखाली गेलं आणि हवेत ओलावा असला की बर्फ होणारच. एसी नीट चालत असेल तेव्हा जाळी शून्याच्या चांगली वर असते. हवेतला ओलावा तिच्यावर दवासारखा जमतो आणि नळीने बाहेर टपकतो. कॅरिअर या अमेरिकन इंजिनिअरने १९०२ साली पहिलं आधुनिक यंत्र बसवलं ते मुळी छापखान्यातल्या हवेतला ओलावा आवरण्यासाठी, माणसांना गार करण्यासाठी नव्हे. आणि गंमत म्हणजे एसीचं माप जे 'टन', तेही बर्फावरूनच आलंय. एक अमेरिकन टन, म्हणजे साधारण ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी खोलीतून काढून टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन, सुमारे साडेतीन किलोवॉट. म्हणजे मोजमापात बर्फ असावा, मशीनमध्ये नसावा!

जाळी शून्याखाली जायला दोन मोठे रस्ते आहेत. पहिला रस्ता हवेचा. जाळीवरून खोलीतली गरम हवा पुरेशी गेली नाही तर आतल्या द्रवाला उष्णता मिळत नाही, दाब उतरतो आणि जाळी गारठत जाते. फिल्टर तुंबलेला असतो, जाळीवर मळ बसलेला असतो, ब्लोअरच्या पात्यांत धूळ भरलेली असते, ब्लोअरचा कपॅसिटर कमजोर होऊन तो हळू फिरत असतो. कधी कधी तर कपाट किंवा पडदा एसीच्या तोंडापुढे आलेला असतो. दुसरा रस्ता गॅसचा. गळतीने गॅस खरोखरच कमी झाला, किंवा बारीक नळी, म्हणजे कॅपिलरी, तुंबली, की दाब पडतो आणि जाळीचा सुरुवातीचा भाग गोठतो. याशिवाय जाळीवरचा सेन्सर बिघडला असेल तर 'बस झालं, आता थांब' असं कॉम्प्रेसरला सांगणारंच कोणी उरत नाही.

एकदा बर्फ धरायला लागला की मग तो थांबत नाही. अॅल्युमिनियमच्या मानाने बर्फातून उष्णता जेमतेम शंभराव्या हिश्श्याने वाहते. शिवाय तो पत्र्यांमधल्या फटी बुजवतो. हवा आणखी कमी, जाळी आणखी गार, बर्फ आणखी जास्त. न उकळलेला द्रव तसाच कॉम्प्रेसरकडे जाऊ लागला तर कॉम्प्रेसरच्या जिवावर बेतू शकतं. कॉम्प्रेसर गेला म्हणजे तीन हजारांचं प्रकरण थेट पाच आकड्यांवर जातं.

आपल्या भागात या दोन रस्त्यांपैकी पहिला जास्त वाहता असावा, असं माझं मत आहे, आणि त्याला कारण आपली धूळ. उन्हाळ्यात नांगरून पडलेली काळी रानं, रस्त्यांची कामं, कापसाचं तूस, वावटळी. खिडकीच्या चौकटीवर सकाळी पुसलं तर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येतं. मग एसीच्या पोटात काय होत असेल? दुसरी खास आपल्याकडची सवय म्हणजे हॉलमध्ये कूलर आणि आतल्या खोलीत एसी, मधलं दार उघडं. कूलर हवेत ओलावा सोडतोय आणि एसी तोच ओलावा काढायला धडपडतोय. बर्फाला लागणारं पाणी आपणच पुरवतो, आणि वर म्हणतो, एवढ्या कोरड्या हवेत बर्फ कसा?

आमच्या घरी अखेर बाबांच्या ओळखीतले एक वयस्कर मिस्त्री आले. तीस वर्षं हेच काम करतायत. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पिशवी उघडायच्या आधी खिशातला रुमाल काढून एसीच्या तोंडापुढे धरला. रुमाल जेमतेम हलला. "बेटा, पैले हवा देखो, बाद में गॅस," एवढंच ते म्हणाले. फिल्टर आम्ही महिन्याला धुतो, तो स्वच्छच होता. पण त्यांनी जाळीमागचा ब्लोअर बाहेर काढला, तर त्याच्या प्रत्येक पात्याची खोलगट बाजू धुळीने लिंपून सपाट झालेली! असा पंखा कितीही फिरला तरी हवा ढकलणार कशी?

मग त्यांनी गेज लावलं, क्लॅम्प मीटरने करंट पाहिला. दोन्ही जास्त निघाले. त्यांनी सगळा गॅस एका रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला आणि वजनकाट्यावर ठेवला, तर तो मशीनच्या पाटीवर लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त होता. म्हणजे आमच्याकडे गॅस कमी नव्हताच, जास्त झाला होता! आता तुम्ही विचाराल, मग दर वेळी गॅस भरल्यावर बर्फ जायचा कसा? एक तर मेकॅनिक येईपर्यंत आणि काम करेपर्यंत एसी बंद असल्यामुळे जुना बर्फ आपोआप वितळायचा. आणि दुसरं, जास्तीच्या गॅसने दाब वाढला की जाळीचं तापमानही थोडं चढतं आणि शून्याच्या वर राहतं. ताप उतरल्यासारखा वाटतो. पण कॉम्प्रेसर ओझं वाहत राहतो, वीजबिल चढतं, आणि पात्यांवर आणखी थोडी धूळ बसली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी या सगळ्याच्या आधी आणि नंतर एका साध्या डिजिटल थर्मामीटरने मापं घेतली होती. आधी, बर्फ पूर्ण वितळवून एसी पुन्हा लावल्यावर, आत शिरणारी हवा ३० अंश आणि बाहेर पडणारी १२. फरक १८ अंशांचा. ब्लोअर धुतल्यावर आत शिरणारी ३०, बाहेर पडणारी १८. फरक १२. बाबा म्हणाले, "म्हणजे बिघडला की! आधी जास्त गार हवा येत होती." पण खोली मात्र आता पंधरा-वीस मिनिटांत गार व्हायला लागली. हे कसं? खोलीतून निघणारी उष्णता म्हणजे हवेचं प्रमाण गुणिले तापमानातला फरक. हवा निम्मीच येत असेल तर १८ चे निम्मे ९. हवा पूर्ण येत असेल तर १२. बाराने नवावर मात केली. एसीपुढे हात धरून "किती गार हवा येतेय" असं म्हणणं हे अर्धंच माप झालं; किती हवा येतेय हे त्याच्या जोडीला बघावंच लागतं. पहिल्या वर्षात शिकलेल्या एका सूत्रातून आमचे आठ-नऊ हजार रुपये वाचू शकले असते!

आता प्रत्यक्ष काय करायचं, तेही सांगते. यातल्या पहिल्या चार गोष्टींना मेकॅनिक लागत नाही.

१. बर्फ दिसला की कूलिंग बंद करून नुसता फॅन मोडवर एसी चालवा. खाली बादली ठेवा. दोन-तीन तास लागू शकतात. सुरी, स्क्रू ड्रायव्हर असलं काही बर्फात खुपसू नका. नळीला भोक पडलं की मग गॅस खरोखरच जाईल.

२. मेन स्विच बंद करून फिल्टर काढा, नळाखाली धुवा, सावलीत वाळवा. उन्हाळ्यात आपल्या धुळीत हे पंधरा दिवसांतून एकदा हवं. टॉर्च मारून जाळी आणि ब्लोअरची पाती पाहा. बाहेरच्या युनिटच्या आतल्या वायरिंगला मात्र हात लावू नका. तिथला कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही झटका देऊ शकतो.

३. एसी पंधरा मिनिटं चालवून थर्मामीटरने आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान घ्या. फरक साधारण ८ ते १२ अंश असेल आणि वारा जोरात असेल तर बहुतेक सगळं ठीक. वारा मंद आणि फरक खूप मोठा असेल तर रोग हवेचा. वारा जोरात पण फरक अगदी थोडा असेल तर गॅसचा किंवा कॉम्प्रेसरचा संशय घ्या.

४. बर्फ कुठे आहे ते पाहा. सगळ्या जाळीवर सारखा पसरला असेल तर बहुधा हवेचा दोष. जाळीच्या एकाच कोपऱ्यात किंवा बाहेरच्या युनिटजवळच्या बारीक पाइपवर असेल तर बहुधा गॅस कमी.

५. गॅसचाच संशय असेल तर मेकॅनिकला बोलवा आणि चार गोष्टी नम्रपणे मागा: गेजवरचा आकडा, गळतीची जागा, व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा. आर-३२ गॅस असेल तर आतल्या बाजूचा दाब साधारण १०३ पीएसआयच्या खाली गेला की जाळी शून्याखाली जाते. जुन्या आर-२२ मध्ये हाच आकडा साधारण ५७. गळती बहुतेकदा पाइपच्या जोडावर, फ्लेअर नटापाशी सापडते. तिथे तेलकट डाग दिसतो, साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. गळतीसाठी दाब द्यायचा तो नायट्रोजनचा, ऑक्सिजनचा कधीच नाही. कॉम्प्रेसरचं तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होऊ शकतो.

यावर कोणी म्हणेल, पैसे माझे, गॅस माझा, गळू दे. पण तो 'फुस्स' आवाज फक्त आमच्या गच्चीपुरता नसतो. आर-२२ ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानुसार जगभर त्याला निरोप दिला जातोय. त्याच्या जागी आलेले गॅस ओझोनला धक्का लावत नाहीत, पण पृथ्वी तापवतात. शंभर वर्षांच्या हिशोबाने एक किलो आर-४१०ए हवेत सोडणं म्हणजे सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडणं. आर-३२ त्या मानाने बरा, तरी एका किलोला पावणेसातशे किलो! म्हणून २०१६ साली किगाली इथे या गॅसनाही आवर घालायचं ठरलं आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. परिषदेत बसून देश सह्या करतात, आणि इकडे गच्चीवर व्हॉल्व्ह उघडून आपण ती सही पुसतो. उन्हाळा वाढला म्हणून एसी घ्यायचा, आणि एसीचा गॅस सोडून उन्हाळा आणखी वाढवायचा, हा कुठला शहाणपणा?

सगळा दोष मेकॅनिकवर ढकलून मी मोकळी होणार नाही. मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर उभं राहून दिवसाला आठ-दहा घरं करणारा हा माणूस. त्याला आपण पैसे कशाचे देतो? गॅसचे. पार्टचे. 'काही झालेलं नाही, फक्त ब्लोअर घाण होता' असं प्रामाणिकपणे सांगून त्याने दोन तास घासलं तर आपणच म्हणतो, "नुसतं धुवायचे एवढे पैसे?" निदानाला किंमत नाही आणि गॅसला आहे, तर तो निदान का करेल? ही सवय आपण लावली आहे. चाचांनी ब्लोअर धुण्याचे आणि तपासणीचे जे पैसे मागितले ते बाबांनी एक रुपया न कापता दिले, आणि पुढचा अख्खा उन्हाळा एसीने एकदाही बर्फ धरला नाही. तेव्हा माझी पहिली सूचना स्टाफ क्वार्टर्समधल्या सरांना आणि मॅडमना आहे: एसी दुरुस्तीला माणूस बोलावताना तपासणीचे पैसे वेगळे द्या, आणि गॅस भरायची घाई करू नका.

दुसरी सूचना आपल्या लॅबसाठी. आपण रेफ्रिजरेशनच्या टेस्ट रिगवर रीडिंग घेतो, सीओपी काढतो, आलेख चिकटवतो आणि जर्नलवर सही घेतो. रिग नेहमी ठणठणीत असते. ती आजारी पडली तर काय करायचं, हे कोणी विचारतच नाही. माझं म्हणणं आहे, तोंडी परीक्षेच्या दिवशी सरांनी गुपचूप हवेच्या वाटेवर एक पुठ्ठा आडवा लावून ठेवावा, किंवा फॅनचा वेग कमी करून ठेवावा, आणि विद्यार्थ्याला म्हणावं, "काय बिघडलंय, सांग." तिथे गाइड चालणार नाही, मागच्या वर्षीचं जर्नल चालणार नाही. आणि चाचांसारख्या एखाद्या जुन्या मिस्त्रींना वर्षातून एकदा पाहुणे म्हणून बोलवावं. हार, श्रीफळ आणि मानधन, तिन्ही द्यावं. केंद्र सरकारने २०१९ च्या 'इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन'मध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. ते दिल्लीचं झालं. आपल्या कॉलेजचं उद्दिष्ट निदान इतकं असावं, की इथून मेकॅनिकल होऊन बाहेर पडणाऱ्याला स्वतःच्या घरच्या एसीपुढे हात बांधून उभं राहावं लागू नये.

तिसरी सूचना आपल्यासाठी, हॉस्टेलच्या मुलामुलींसाठी. मार्चमध्ये परीक्षेच्या धांदलीआधी एक रविवार काढू. लायब्ररी, कॉम्प्युटर लॅब, स्टाफ क्वार्टर्स, जिथे जिथे एसी आहे तिथे फिल्टर धुऊ, थर्मामीटर लावू, आकडे वहीत लिहू. वहीत आकडे असले की पुढच्या वर्षी तुलना करता येते, आणि 'गॅस संपलाय' म्हणणाऱ्याला ती वही दाखवता येते. आणि जाता जाता रिमोटही २४ वर आणू. १६ वर ठेवला की खोली लवकर गार होते, हा साध्या एसीच्या बाबतीत निव्वळ गैरसमज आहे. वेग तोच राहतो, फक्त कॉम्प्रेसर थांबायचं विसरतो, आणि रात्रभर न थांबलेल्या जाळीवर बर्फ धरायला आणखी सोपं जातं. नव्या एसींचं मूळ सेटिंग १ जानेवारी २०२० पासून २४ अंशांवर ठेवायचा सरकारी नियमच झालाय, तो उगाच नाही.

लॅबमध्ये आपण पी-एच आलेखावर रेघा मारतो, चाचा रुमाल धरतात. दोघंही एकाच गोष्टीचा शोध घेतात, पण चाचा आधी बघतात आणि मग बोलतात. आपल्या शिक्षणाने आपल्याला बोलायला भरपूर शिकवलं, तेही इंग्रजीतून. आता थोडं बघायला शिकूया. आणि यंदाच्या उन्हाळ्यात कोणी एसीतल्या बर्फाची तक्रार घेऊन आलं, तर गॅसचा भाव सांगायच्या आधी त्याच्याकडे एक रुमाल मागा.

तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी
मुलींचे वसतिगृह